हात लावू नका, वॉरंटी जाईल!

...न्हाय, मी काय म्हणतो, गाडी कुणाची? माझी. पेट्रोल कोण घालतंय? मी. रोज सकाळी फडकं घेऊन पुसतंय कोण? मीच की! मग तिला हात कुणी लावायचा आणि कुणी न्हाय, हे कंपनी कोण ठरवणार? तुम्हाला सांगतो, ही गाडी दारात आल्यापासनं माझ्या कानात एकच वाक्य वाजतंय... वॉरंटी जाईल! बॉनेट उघडलं, वॉरंटी जाईल. गाण्याची वायर बदलावी म्हटलं, वॉरंटी जाईल. हॉर्न तर काय हॉर्न हाय व्हय तो, मांजराला शिंक आल्यागत, म्हटलं जरा दणकट बसवावा... वॉरंटी जाईल! अहो, माझी बायको दानेश्वरी आजारी होती तवा डॉक्टरनं इतकी पथ्यं सांगितली न्हवती!

थांबा, पहिल्यापासनं सांगतो. घाई न्हाय न्हवं तुम्हाला? मला तर अजिबात न्हाय.

मी राजशेखर. कोल्हापुरात महाद्वार रोडला आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. आता पुतण्या बघतोय, सोमेश. गुणी पोरगा. मी गेलो की खुर्ची पुसून देतोय, चहा मागवतोय, आणि मग बघत बसतोय, काका उठतायत कवा. त्याचं काय चुकतंय? मी पण जल्मभर तेच केलं की! दुकानदाराला एक पक्कं ठाऊक असतंय, पायरी चढून माणूस आला म्हंजे त्याला कायतरी पायजे. काय न्हाय पायजे आणि नुसता आलाय, तर तो गिऱ्हाईकाची वाट अडवून उभा हाय. इतकी वर्षं हेच शिकलो, आता म्हातारपणी विसरायचं कसं?

तर दानेश्वरी गेली, आणि त्याच्या पुढच्या दिवाळीत आमची लेक रक्षिता बेंगळुरास्नं आली आणि ही नवी गाडी दारात उभी केली. "आप्पा, ती जुनी विकून टाका. आता ह्या गाडीतनं मस्त फिरा." फिरा! कुठं फिरू? ते तिनं सांगितलं न्हाय. जाताना बोट वर करून मात्र सांगितलं, "आणि आप्पा, त्या उद्यमनगरातल्या मेस्त्रीला हात लावू द्यायचा नाही हं. वॉरंटी जाईल!"

झालं! मुळावरच घाव की हो! कारण उद्यमनगरातला मेस्त्री म्हंजे हंबीरराव. आणि हंबीरराव म्हंजे... आता कसं सांगू, माझी जुनी गाडी लई गुणाची होती. दर आठवड्याला कायतरी बिघडायचीच! कवा सेल्फ, कवा ब्रेक, कवा खालनं नुसताच खडखडाट. मी चाललो उद्यमनगरात. हंबीररावांनी एका भंगारातल्या जीपचं मागचं शीट काढून गॅरेजात भिंतीला लावलंय, त्याच्यावर मी बसायचं. हंबीरराव गाडीखाली, मी शिटावर, आणि गप्पा! कुस्तीच्या, पंचगंगेच्या पाण्याच्या, ह्याच्या पोरीचं जमलं, त्याच्या पोराचं मोडलं... दुपार कशी जायची कळायचं न्हाय.

आणि ही नवी? बिघडायचं नावच घेईना! नुसती बोलत असतीया. दार उघडं, टुंग. मागं भिंत हाय, टुंग टुंग. एकदा बाजारात्नं येताना भाजीची पिशवी शेजारच्या शिटावर ठेवली, तर केकाटायला लागली. काय झालं? तर म्हणे शेजारच्यांनी पट्टा लावला न्हाय! तिला वाटलं शेजारी कोणतरी बसलंय. मी काय केलं? पिशवी मागं ठेवायची सोडून तिलाच पट्टा लावला. दोन गड्डे फ्लॉवर, मेथीची पेंडी, आणि पट्टा. घरापर्यंत निवांत आलो दोघं.

मग उद्यमनगरात जायचं कसं? कारण तर पायजे! म्हटलं, हवा. हवेनं काय वॉरंटी जात न्हाय. "हंबीरराव, जरा हवा बघा." बघितली, बरोबर होती. चहा झाला. परत चार दिवसांनी, "हंबीरराव, हवा..." अहो, हवा हवा म्हणून माणूस जाणार किती? टायर ढेकर द्यायचं बाकी राहिलं!

तर एका दुपारी मी ते वॉरंटीचं पुस्तक वाचायला घेतलं. घरात वाचायला दुसरं काय? पेपर संपला, पंचांग संपलं, कुकरची गॅरंटी वाचून झाली. बारीक अक्षर, चष्म्यावर भिंग धरून सगळं वाचलं, आणि तुम्हाला सांगतो, उडालोच! माझ्या गाडीच्या पुस्तकात कुठंबी लिहिलं न्हवतं की बाहेर ऑइल बदललं म्हणून सगळी वॉरंटी गेली! लिहिलं होतं ते असं, की बाहेरच्या कामानं जे बिघडंल, त्याला आम्ही जबाबदार न्हाय. आणि वेळेवर सर्व्हिस, सांगितलंय तेच ऑइल, अस्सल फिल्टर, आणि त्याचा पुरावा ठेवा. एवढंच! म्हंजे हंबीररावांचा हात लागायला हरकत न्हाय!

तरी खात्री नको? गेलो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. तिथं काचेच्या खोलीत मोना म्हणून पोरगी बसतीया, लई गोड बोलतीया. म्हटलं, "बाळ, साधं ऑइल बाहेर बदललं तर चालतंय काय?"

"सर, आम्ही रेकमेंड करत नाही."

"शिफारस न्हाय, ते कळलं. पण चालतंय काय?"

"सर, आम्ही रेकमेंड करत नाही."

"म्हंजे वॉरंटी जाती?"

"तसं नाही सर. पण आम्ही रेकमेंड करत नाही."

आता ह्याच्यात न्हाय कुठं हाय सांगा? मी त्याला व्हय समजलो आणि गाडी थेट उद्यमनगराकडं! पण मनात धाकधूक होतीच की. उद्या कायतरी झालं तर रक्षिताला काय सांगू? म्हणून जरा... आता तुम्हीच ऐका आणि सांगा.

"हंबीरराव, पुस्तकात लिहिलंय तेच ऑइल पायजे."

"व्हय."

"फिल्टर अस्सल. डबा माझ्यासमोर उघडायचा."

"बरं."

"आणि पक्कं बिल. गाडीचा नंबर, किलोमीटर, तारीख, ऑइलचा ग्रेड, सही, शिक्का."

हंबीररावांनी हातातला पान्हा खाली ठेवला. "आप्पा, ऑइल बदलायचंय का जमिनीचं खरेदीखत करायचंय?"

बिलबुक होतं बिचाऱ्यांकडं, पण कपाटावर पालथं, वर फडक्यांचा ढीग. शोधून काढलं. मग हंबीरराव गाडीखाली गेलं आणि मी मोबाईल काढला. नट सोडला, फोटो. ऑइल पडलं, फोटो. नवा फिल्टर लावताना तर मी पालथा पडून खाली मुंडी घातली आणि फोटो! खालनं आवाज आला, "आप्पा, माझ्या लग्नात इतकं फोटो निघालं न्हाईत." मी हसलो. तिथंच थांबायला पायजे होतं की न्हाय? पण जिभेला हाड न्हाय, बोलून गेलो, "तसं न्हवं हंबीरराव, उद्या कायतरी बिघडलं, तर तुमच्यावर यायला नको, म्हणून आपला पुरावा."

हंबीरराव बाहेर आलं. हात पुसलं. बिल लिहून दिलं, अक्षर एकदम टपोरं. आणि म्हणाले, "जुनी गाडी सगळी माझ्यावरच होती आप्पा. तवा एकबी फोटो काढला न्हाईसा."

चहा मागवला न्हाय त्या दिवशी. मी पण बसलो न्हाय.

झालं! बिल हाय, फोटो हाईत, वॉरंटी हाय... आणि जायला जागा न्हाय! हवा बघायला तरी कुठल्या तोंडानं जाणार? सकाळी गाडी पुसायची. दुपारी गाडीकडं बघायचं. संध्याकाळी गाडीत बसून यायचं, दारातच. पेट्रोल कशाला जाळा? एकदा तर शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठं निघालासा?" म्हटलं, "आलो." काय सांगणार!

आणि अशात आक्काचा फोन आला. आक्का म्हंजे माझी थोरली बहीण, गंगव्वा, जयसिंगपूरला असती, मला अजून तम्मा म्हणती, धाकटा भाऊ म्हणून. तिच्या नातवाचं बारसं. "तम्मा, लवकर ये रे, पंगतीला बसायचंय सगळ्यांनी मिळून." तुम्हाला सांगतो, आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री केली. चार माणसांत बसायचं, कुणीतरी वाढताना आग्रह करायचा, आपण पानावर हात आडवा धरून नको नको म्हणायचं... घरात स्वतःच वाढून घेताना नको कुणाला म्हणणार हो?

निघालो. शिरोली गेली, हातकणंगलं गेलं, गाडी पळतीया झकास, आणि एकदम स्टेअरिंगपुढच्या पाटीवर सगळं दिवं लागलं. लाल, पिवळं, दिवाळीच! आणि गप्प. टुंग न्हाय, टांग न्हाय. घरासारखी गप्प.

दोन्ही बाजूला ऊस. पुस्तकातला मदतीचा नंबर लावला. पोरगी बोलली, कुठली कुणास ठाऊक, पण आवाज असा की जल्माची ओळख! "नमस्कार सर. सर, सर्वात आधी, आपण सुरक्षित आहात ना?"

आईशप्पथ सांगतो, कोण विचारतंय हो आपल्याला असं? म्हटलं, "व्हय बाळ, सुरक्षित हाय."

"आपल्यासोबत कोणी आहे का, सर?"

आता हिला काय गरज होती असं विचारायची? फॉर्मात असंल. म्हटलं, "न्हाय."

"ठीक आहे सर. आमची गाडी येईपर्यंत कृपया कोणालाही हात लावू देऊ नका. वॉरंटीला प्रॉब्लेम येऊ शकतो."

घ्या! रस्त्यावर पण तेच!

आणि आमचा हा मुलूख कसा हाय, बंद पडलेल्या गाडीजवळ न थांबता जाणारा माणूस इथं जन्माला यायचाय. पहिला आला उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, आणि गाणं असं मोठ्यांदा की उसाची पानं हलायला लागली. गुंडू म्हणून पोरगा, टुणकन उडी मारून खाली. "काय झालं पावणं? खोला बॉनेट!"

"नको नको! हात लावू नका, वॉरंटी जाईल!"

"मग ढकलूया की. मी ढकलतो, तुम्ही बसा."

"ढकलून पण जाईल."

"टोचन लावून, ओढत जयसिंगपुरात सोडू?"

"न्हाय हो, वॉरंटी..."

त्यानं गाडीभवती एक चक्कर मारली. "गाडी सोवळ्यात हाय व्हय?" म्हणाला आणि गेला. गाण्यासकट गेला. मागं एवढी शांतता पडली की ऊस आणखी उंच वाटायला लागला.

मग आली अंबूबाई. वैरणीचा भारा डोक्यावर. लांबूनच वरडली, "थांबा, मी पाणी घिऊन येतो!" आणि गेली पळत वस्तीवर, आली कळशी घेऊन. "वता इंजनात. आमच्या मालकांची गाडी अशानंच चालू हुती."

"नको बाई. हात लावायचा न्हाय, वॉरंटी जाईल."

तिनं माझ्याकडं वरपासनं खालपर्यंत बघितलं. "मग तुम्ही तरी प्या. का तुमची पण जाईल?"

प्यालो. काय गार पाणी होतं! म्हटलं, बसा की जरा. म्हणाली, "म्हशी वरडालत्यात," आणि गेली. असं बघा, सगळं जग हात पुढं करून येतंय, आणि मी एकेकाला हात जोडून लावून देतोय. का? तर वॉरंटी जाईल!

आक्काला फोन केला. तिकडं नुसता गलका. "तम्मा, कुठं हाईस? पंगत बसली बघ! पाळणा झाला!" म्हटलं, "उशीर हुईल, जेवून घ्या." "काय? ऐकायला यीना रे!" म्हटलं, "जेवून घ्या!" एवढं मोठ्यांदा वरडलो की पलीकडच्या उसातनं पाखरं उडाली.

आणि मग तुम्हाला सांगतो, माझ्या हातानं आपोआप हंबीररावांचा नंबर लावला.

"हंबीरराव, गाडी बंद पडलीया."

तिकडं पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"न्हाय, कंपनीची गाडी येतीया उचलायला. तुम्ही काय करायचं न्हाय. हात बी लावायचा न्हाय."

"मग फोन कशाला केलासा?"

आता सांगा! मी सगळ्या गिऱ्हाईकांना जल्मभर हेच विचारलं, काय पायजे? आणि आता पाळी माझ्यावर आली. शेवटी म्हटलं, "असंच."

"कुठं हाईसा?"

"हातकणंगल्याच्या पुढं."

फोन कट. म्हटलं, गेलं. राग असणारच की.

उन्हं कलली तवा लांबून स्कूटरची फटफट ऐकायला आली. हंबीरराव! मळक्या कपड्यांतच, डिकीत भडंगाचा पुडा. उतरलं, दोन्ही हात पाठीमागं बांधलं, आणि गाडीभवती फिरलं, पोरगी बघायला आलेल्या माणसागत. "हात लावत न्हाय. भिऊ नका. मला वाटतंय बॅटरी गेली." आणि माझ्या शेजारी रस्त्याच्या कडंला बसलं. पुडा मधी ठेवला.

मूठभर भडंग घेतलं, एक मूठ मला दिली. मग म्हणाले, "आप्पा, तुम्ही हवा बघायला यायचा, मला काय कळत न्हवतं व्हय? त्या टायरात कवाच हवा कमी नसायची."

म्हटलं, "मग बोलला का न्हाईसा?"

"कशाला बोलू? दुपारच्याला चहाला सोबत व्हायची. मला तरी कोण हाय? गाडी बिघडली की माणूस येतंय, नीट झाली की जातंय. थांबत होता ते तुम्हीच." आणि पुडा माझ्याकडं सरकवून, "गाडी न आणता आलासा तरी चालतंय की."

"बिनकामाचा?"

"मग काम सांगतो. शिटावर बसायचं. ते रिकामं राहिलं की कोणतरी त्याच्यावर सायलेन्सर आणून टाकतंय."

तवर कंपनीची गाडी आली. साखळ्या लावल्या, उचलली. हंबीररावांच्या स्कूटरवर मागं बसून मी कोल्हापुरात आलो. बारसं राहिलंच. इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर धूळ आणि पुढं ग्रीस, मेस्त्रीच्या पाठीचं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. बिल खिशात. मोनानं विचारलं, "सर, मागची सर्व्हिस आमच्या रेकॉर्डला नाहीये?"

म्हटलं, "बाहेर केली." आणि आतनं वाटलं, संपलं सगळं. आता रक्षिता म्हणणार, सांगितलं होतं न्हवं. आणि सगळा आळ येणार हंबीररावांवर.

"त्यांनी आणखी कुठं हात लावला होता का, सर?"

"न्हाय!" असा वरडलो की पाण्याच्या मशीनजवळचा माणूस वळला. "ऑइल आणि फिल्टर. ह्याच्यापलीकडं त्या माणसानं नखबी लावलं न्हाय. हे बिल. फोटो पायजेत तर फोटो."

तिनं बिल वाचलं आणि आत घेऊन गेली. आतनं मॅनेजर आले, धैर्यशील म्हणून, भला माणूस. म्हणाले, "काका, बसा. टाकीतला पेट्रोलचा पंप गेलाय. त्याचा ऑइलशी काही संबंध नाही. वॉरंटीत बदलून देतो."

एवढंच? एवढंच! अहो, इतकं महिनं मी भिऊन जगलो ते एवढ्यासाठी? आणि ते फोटो? कुणी मागितलंच न्हाईत! घरी येऊन मीच बघितलं, तर निम्म्यात माझा अंगठा आणि निम्म्यात हंबीररावांचं डोस्कं. आणि बॅटरी ठणठणीत होती, हे मी त्यांना अजून सांगितलं न्हाय.

रक्षिताला सगळं सांगितलं. रागावली न्हाय ती. उलट घाबरली. "आप्पा, रस्त्यावर एकटेच होता? आता मी सर्व्हिसचं पॅकेजच घेते. घरातनं गाडी नेतील, घरी आणून सोडतील. तुम्हाला कुठं म्हणजे कुठं जायलाच नको!" पोरगी मायेनं बोलत होती हो. तिला कसं सांगू? म्हटलं, "बरं बाळ."

तर परवा मी उद्यमनगरात गेलतो. चालत. हातात काय न्हाय, काम काय न्हाय. गॅरेजच्या बाहेर दोनदा चप्पल झाडली, मग आत पाय टाकला. एका जीपखालनं हंबीररावांचं नुसतं पाय दिसत होतं. म्हटलं, "मी हाय." पाय म्हणाले, "बसा." बसलो. मी बोलत होतो, पाय व्हय व्हय करत होते, बरं चाललं होतं. मग ती जीप झाली, आणि हंबीरराव मालकाला घेऊन ट्रायलला कागलपर्यंत गेलं. "आलोच, गॅरेज बघा तवर."

बसलो एकटाच शिटावर. आणि फोन वाजला. सर्व्हिस सेंटरकडनं. नवीच पोरगी.

"सर, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

म्हटलं, "दहा दे बाळ. गाव कुठलं तुझं?"

"सर... चंदगड."

"अगं, लांब की! पाऊस लई तिकडं. मग इथं कुणाकडं राहतीस? जेवलीस काय?"

ती मग हळूच म्हणाली, "सर, सॉरी, पण हा कॉल रेकॉर्ड होतोय."

म्हटलं, "होऊ दे की बाळ. तेवढंच परत कुणीतरी ऐकंल."